क्षाराच्या पाण्यातले रंगीत मासे

लातूर जिल्ह्याच्या पूर्व भागात, कर्नाटकातील बीदर जिल्ह्याच्या सीमेलगत वसलेला देवणी तालुका महाराष्ट्राला ठाऊक आहे तो प्रामुख्याने देवणी गोवंशामुळे. परंतु या भागात कोणताही जीव पाळू पाहणाऱ्या माणसाला सर्वप्रथम विचार करावा लागतो तो पाण्याचा. दख्खनच्या पठारावरील काळ्या बेसाल्ट खडकाच्या भेगांतून झिरपत खोल गेलेले पाणी वाटेत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार आपल्यात विरघळवून घेते, आणि बोअरमधून ते वर उपसले जाते तेव्हा त्यात साबणाला फेस येत नाही, पाणी तापवण्याच्या भांड्याला पांढरा थर धरतो आणि नळाच्या तोट्या वर्षभरात चिकटून बसतात. शास्त्रीय परिभाषेत अशा पाण्याला दुष्फेन म्हणतात, तर गावात त्याला सरळ ‘क्षाराचे पाणी’ म्हटले जाते. उष्णकटिबंधातील गोड्या पाण्याचे शोभिवंत मासे पाळण्याचा छंद देवणी-उदगीर पट्ट्यात रुजवायचा असेल आणि तो एकेकट्या घरात न कोंडता मंडळाच्या रूपाने उभा करायचा असेल, तर त्याचा आरंभ गावाच्या पाण्याच्या ओळखीपासूनच व्हावा लागतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

या प्रतिपादनापूर्वी एका आक्षेपाला उत्तर देणे आवश्यक आहे. ज्या जिल्ह्याला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, जेथे १२ एप्रिल २०१६ रोजी ‘जलदूत’ गाडीच्या पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी पोहोचले, त्या जिल्ह्यात हौसेसाठी काचेच्या पेटीत पाणी भरून ठेवणे कितपत योग्य, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर हिशेबात आहे. शंभर लिटरची पेटी एकदा भरली की ती रिकामी करण्याचे कारण सहसा उद्भवत नाही. आठवड्याला साधारण पाव भाग, म्हणजे पंचवीस लिटर पाणी बदलावे लागते, आणि काढलेल्या पाण्यात माशांच्या विष्ठेतून तयार झालेले नायट्रेट व फॉस्फेट असल्यामुळे ते परसबागेतील कढीपत्त्याला किंवा वांगी-टोमॅटोच्या रोपांना साध्या पाण्यापेक्षा अधिक मानवते. म्हणजेच ते पाणी वाया न जाता वापराच्या साखळीत एक पायरी वाढते. या भागात वर्षाला सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दहा चौरस मीटरच्या स्लॅबवरचे पाणी गळती व बाष्पीभवन वजा जाऊनही सहा हजार लिटरच्या घरात भरते, आणि हे पाणी क्षाररहित असल्यामुळे माशांच्या दृष्टीने त्याचे मोल बोअरच्या पाण्याहून निराळे आहे. टंचाईच्या वर्षात पेट्यांची संख्या कमी करणे आणि नवे मासे न आणणे हा नियम मात्र अशा मंडळाने आपल्या घटनेतच लिहून ठेवावा, कारण तहानलेल्या गावात या छंदाला दुसरा कोणताही नैतिक आधार उरत नाही.

पाण्याची ओळख म्हणजे नेमके काय, हे नवख्या सभासदाला समजावून देणे हे मंडळाचे पहिले काम ठरते. फिल्टर प्लांटवाल्यांमुळे टीडीएस मीटर आता तालुक्याच्या गावांतही पोहोचला आहे; परंतु हा मीटर पाण्यात एकूण किती पदार्थ विरघळले आहेत एवढेच सांगतो, ते कोणते हे सांगत नाही. माशांसाठी तीन गोष्टी स्वतंत्रपणे मोजाव्या लागतात : कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा कठीणपणा, सामू, म्हणजे पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी हे दाखवणारी शून्य ते चौदापर्यंतची मोजपट्टी, जिच्यावर सात हा मध्यबिंदू आहे, आणि नायट्रेटचे प्रमाण. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम ठेवली आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सवलत दिली आहे, तर नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम असून तिला कोणतीही सवलत नाही. शेतातील खते आणि शोषखड्डे यांमुळे उथळ भूजलात नायट्रेट आधीच उतरलेले असू शकते, आणि तसे असेल तर पाणी बदलून पेटीतील नायट्रेट कमी करण्याचा नेहमीचा उपाय तेथे निष्फळ ठरतो. एका गल्लीतील बोअर आणि दुसऱ्या गल्लीतील बोअर यांच्या पाण्यातही मोठा फरक पडू शकतो. म्हणून सभासदांनी आपापल्या स्रोताची मोजणी उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा करून एका वहीत उतरवली, तर काही वर्षांत त्या वहीतून गावाच्या भूजलाची एक उपयुक्त नोंद उभी राहील, आणि तिचा लाभ मासे न पाळणाऱ्यांनाही होईल.

पेटीतील पाण्याचे आरोग्य ज्या प्रक्रियेवर टिकून असते तिला नत्रचक्र म्हणतात. मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर टाकतात. एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पहिले दोन पदार्थ अल्प प्रमाणातही घातक असतात, तर तिसरा बऱ्याच प्रमाणापर्यंत सहन होतो. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजावर, वाळूवर आणि काचेवर वस्ती करतात व ती वस्ती पुरेशी वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. नव्या पेटीत पहिल्याच दिवशी वीस मासे सोडणाऱ्याचे मासे दुसऱ्या आठवड्यात का मरतात, याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते. क्षाराच्या पाण्यात हा धोका आणखी वाढतो, ही गोष्ट मात्र इतरत्र लिहिलेल्या मार्गदर्शनात सहसा ठळकपणे येत नाही. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, आणि त्यांपैकी विषारी रूपाचा वाटा सामूबरोबर चढतो : पंचवीस अंश तापमानाला सामू सात असताना तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, तर सामू आठ झाला की पाच टक्क्यांच्या वर जातो. एकच चूक मऊ पाण्याच्या प्रदेशात निभावून जाते, पण देवणीच्या अल्कधर्मी पाण्यात ती दहापट महाग पडते. मंडळात सामील होण्याचा सर्वांत मोठा व्यावहारिक लाभ येथेच आहे, कारण जुन्या सभासदाच्या मुरलेल्या फिल्टरमधला स्पंजाचा एक तुकडा नव्या सभासदाच्या फिल्टरमध्ये ठेवला की जिवाणूंची तयार वस्ती त्याच्या पेटीत जाते आणि कित्येक आठवड्यांची प्रतीक्षा काही दिवसांवर येते. पैसे देऊन दुकानात मिळणाऱ्या कोणत्याही बाटलीपेक्षा हा तुकडा अधिक भरवशाचा असतो. त्याबरोबर रोगही येऊ शकतो, त्यामुळे तो निरोगी पेटीतूनच घ्यावा लागतो, आणि कोणाची पेटी निरोगी आहे हे परस्परांच्या घरी जाणे-येणे असल्याशिवाय कळत नाही.

नळाचे पाणी वापरणाऱ्यांना आणखी एक दक्षता घ्यावी लागते. निर्जंतुकीकरणासाठी पाण्यात टीसीएल पावडर टाकली जाते, आणि तिच्यातून सुटणारा क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो व फिल्टरमधील जिवाणूही मारतो. पाणी उघड्या बादलीत रात्रभर ठेवणे किंवा पूर्वी छायाचित्रे धुण्यासाठी वापरले जाणारे हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, अल्प प्रमाणात टाकणे हे दोन्ही उपाय स्वस्त आहेत. पावसाळ्याच्या तोंडी साथीच्या भीतीने पावडरचे प्रमाण वाढवले जाते, तेव्हा नळ सोडणाऱ्या कर्मचाऱ्याशी ओळख असलेला एखादा सभासद सर्वांना वेळीच सावध करू शकतो.

मराठवाड्याचा उन्हाळा ही या छंदाची खरी कसोटी आहे. उष्णकटिबंधातील मासे म्हणजे उन्हाला न घाबरणारे मासे, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात यांतील बहुसंख्य जातींना चोवीस ते अठ्ठावीस अंशांचे पाणी मानवते, आणि बाहेर पारा चाळिशी ओलांडत असताना पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीतील पेटी बत्तीस अंशांच्या पुढे सहज जाते. पाणी तापले की त्याची प्राणवायू धरून ठेवण्याची क्षमता घटते : पंचवीस अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर बत्तीस अंशांना सुमारे ७.३ मिलिग्रॅमच. त्याच वेळी उष्णतेमुळे माशांची प्राणवायूची गरज मात्र वाढते. त्यातच भारनियमनाने एअर पंप बंद पडला तर संकट दुहेरी होते. शीतयंत्र परवडणे शक्य नसले तरी पाण्याच्या पृष्ठभागावर लहानसा पंखा लावल्यास बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. रांजणातील पाणी ज्या कारणाने गार राहते तेच कारण येथेही लागू पडते. मराठवाड्याची कोरडी हवा एरवी कितीही त्रासदायक असली तरी या उपायाला ती कोकणातील दमट हवेपेक्षा पुष्कळ अनुकूल आहे. वीज जाण्याच्या वेळेआधी खाद्य न घालणे, पेटी पश्चिमेच्या भिंतीला न लावणे आणि उन्हाळ्यात माशांची संख्या अर्ध्यावर ठेवणे या साध्या सवयी महागड्या उपकरणांपेक्षा अधिक मासे वाचवतात.

पाणी आणि हवामान यांची ही मांडणी लक्षात घेतली की कोणते मासे पाळावेत या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आपोआप मिळते. निळ्या-लाल पट्ट्याचा निऑन टेट्रा दुकानात सर्वांत आधी डोळ्यांत भरतो. परंतु तो मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्याचा मासा आहे. पैदास केंद्रात वाढलेला निऑन मध्यम कठीण पाण्यात जगतो हे खरे असले तरी क्षाराच्या पाण्यात त्याची अंडी फळत नाहीत आणि आयुष्यही आखूड होते. डिस्कसची कथा याहून कठीण आहे. याउलट गप्पी, मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे पिलांना जन्म देणारे मासे कठीण, अल्कधर्मी पाण्यात अधिक खुलतात, आणि आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या पाण्याचा सामूच आठच्या आसपास असल्यामुळे तेथील रंगीत सिक्लिड मासे बोअरच्या पाण्याला नैसर्गिकपणे जुळतात. मात्र ते भांडखोर असतात व त्यांना मोठी पेटी लागते. फायटर मासा कल्ल्यांखेरीज डोक्यातील एका विशेष इंद्रियाने थेट हवेतूनही श्वास घेतो, म्हणून एअर पंपाविना जगतो. आठवडी बाजारात टोपलीभर पाण्यात तासन् तास जिवंत राहणाऱ्या मरळ माशाकडेही हवेतून श्वास घेण्याची अशीच सोय असते. भारतीय नद्यांतील झेब्रा डॅनियोचाही येथे आवर्जून उल्लेख केला पाहिजे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातून वर्णन केलेला हा बोटभर मासा पुढे अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांच्या कामामुळे जगभरच्या आनुवंशशास्त्रीय प्रयोगशाळांत जाऊन पोहोचला, आणि नवख्या सभासदाच्या पहिल्या पेटीसाठी त्याच्याइतका काटक मासा शोधून सापडत नाही.

तथापि देवणीसारख्या ठिकाणी मंडळाचा पाया गप्पी माशावरच घातला जावा, याला पाण्याखेरीज आणखी दोन सबळ कारणे आहेत. पहिले कारण सार्वजनिक आरोग्याचे आहे. हिवताप आणि डेंग्यू पसरवणाऱ्या डासांच्या अळ्या गप्पी मासे खातात, म्हणून राज्याचा आरोग्य विभाग प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारातील हौदांत त्यांची पैदास करतो आणि आरोग्य सेवक ते गावोगावच्या साठवणीच्या पाण्यात सोडतात. ज्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते तेथे प्रत्येक घरी हौद, ड्रम आणि टाक्या भरलेल्या असतात, आणि म्हणूनच आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्याचा आग्रह आरोग्य विभागाला धरावा लागतो. रिकामे करता न येणाऱ्या मोठ्या हौदांसाठी गप्पी हा उपाय उरतो. गप्पीची पैदास, त्यांचे रोग आणि उन्हाळ्यातील त्यांची निगा यांचे ज्ञान असलेले वीस-पंचवीस लोक गावात असणे ही आरोग्य केंद्राच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. केंद्रातील हौद मे महिन्यात रिकामा पडला तर मंडळाच्या पेट्यांतून तो पुन्हा भरता येतो.

दुसरे कारण पैदाशीच्या परंपरेचे आहे. देवणी गोवंशात रंगरूपावरून तीन प्रकार मानले जातात : पांढऱ्या अंगाचा पण चेहऱ्याच्या बाजूंना काळा असणारा वानेरा, पूर्ण पांढरा बालंक्या आणि पांढऱ्यावर काळे ठिपके असणारा शेवरा. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील कंधारची लाल कंधारी गायही याच निवडक पैदाशीच्या संस्कृतीतून टिकलेली आहे. वळू निवडताना त्याच्या आईची धार, बापाची चाल, कानांची ठेवण आणि खांद्याची बांधणी पाहणारी नजर या भागात पिढ्यान् पिढ्या घडत आली आहे, आणि गप्पीची शुद्ध वाण राखण्यासाठी नेमकी हीच नजर लागते. योहानेस श्मिट या डॅनिश शास्त्रज्ञाने १९२० मध्ये दाखवून दिले की गप्पी नराच्या पाठीच्या पराचा एक काळा ठिपका बापाकडून केवळ मुलग्यांकडे जातो; त्यापाठोपाठ ऑयविंद विंगे यांनी असे अनेक रंगगुण नरांमध्येच असणाऱ्या वाय गुणसूत्रावर वाहिले जातात हे सिद्ध केले. या शोधांमुळे नवख्यांना असे वाटते की चांगला नर मिळाला की काम झाले, परंतु शेपटीचा आकार, अंगाची पार्श्वरंगछटा आणि बांधा यांत मादीचा वाटा तितकाच असतो, आणि मादीच्या अंगावर रंग दिसत नसल्यामुळे तो तिच्या मुलग्यांवरूनच पारखावा लागतो. गाईची पारख तिच्या कालवडींवरून करणाऱ्या घरातील माणसाला हे समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. गप्पीची मादी एकदा नराशी संग झाल्यावर शुक्राणू कित्येक महिने साठवून ठेवते, आणि दर चार आठवड्यांच्या सुमारास पिले देत राहते. त्यामुळे दुकानातून आणलेल्या मादीची संतती कोणत्या नराची हे सांगता येत नाही, आणि वाण राखायची असेल तर पिले तीन-चार आठवड्यांची होताच नर-मादी वेगळे करावे लागतात. हे काम एका घरातील दोन पेट्यांत निभत नाही. चार सभासदांनी एकाच वाणाच्या चार शाखा सांभाळल्या, काही पिढ्यांनी परस्परांत नर बदलले आणि त्याची नोंद ठेवली, तरच जवळच्या रक्तातील पैदाशीने येणारा दुबळेपणा टळतो. एकट्या छंदिष्टाला जे साधणार नाही ते मंडळाला साधते, याचे याहून स्पष्ट उदाहरण या छंदात नाही.

मासे पाळणाऱ्यांच्या संघटित छंदाचा इतिहास येथे थोडक्यात पाहणे पुरेसे आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने १८५० मध्ये लंडनच्या रसायनशास्त्र मंडळापुढे मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाय यांचा समतोल मांडला, १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या ग्रंथाने हा छंद मध्यमवर्गीय घरांत नेला. मुंबईत १९५१ साली एका पारशी दात्याच्या देणगीतून तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले. त्या मत्स्यालयाशी दीर्घकाळ संबंधित असलेले सागरी जीवशास्त्रज्ञ बो. फ्रा. छापगर यांनी एस. आर. साने यांच्यासमवेत १९९२ मध्ये गोव्याच्या ओढ्यांतील एका निळसर झाक असलेल्या लहान माशाचे वर्णन केले आणि मुंबईचे मत्स्यव्यवसाय संचालक राहिलेले सेटना यांच्या स्मरणार्थ त्याला सेटनाय हे नाव दिले. हा मासा आज धोक्यात असलेल्या जातींत गणला जातो. हौशी लोकांच्या पेट्या अशा जातींसाठी काय करू शकतात, याचा दाखला मेक्सिकोत आहे : तेउचित्लान नदीतून नाहीसा झालेला टकीला हा बोटाएवढा मासा १९९८ मध्ये आयव्हन डिबल या इंग्रज छंदिष्टाने आणून दिलेल्या पाच जोड्यांतून मिचोआकान विद्यापीठात वाढवण्यात आला, आणि पुढे त्यांचीच संतती मूळ नदीत परत सोडण्यात आली.

देवणीच्या छंदिष्टांना विज्ञानाचा आधार शोधण्यासाठी मुंबईपर्यंत जावे लागत नाही. शेजारच्या उदगीरला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालयही तेथेच आहे, आणि मासा का मेला हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगू शकणारी माणसे एका तालुक्याच्या अंतरावर असणे ही राज्यातील फार थोड्या गावांना लाभलेली सोय आहे. तेथील विद्यार्थ्यांना मंडळात सभासद करून घेणे, आणि त्यांना पाणीपरीक्षणासाठी सभासदांच्या पेट्या खुल्या करणे, यात दोन्ही बाजूंचा लाभ आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंवर्धन युनिटसाठी तीन लाख रुपयांचा प्रकल्पखर्च धरला असून सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के साहाय्य मिळू शकते. या योजनेकडे वळू इच्छिणाऱ्याने आधी वर्षभर मंडळात राहून दोन उन्हाळे नाही तरी एक उन्हाळा काढावा. मासे वाढवणे न शिकता युनिट उभारणे हा अनुदानाचा आणि माशांचाही नाश होय.

मंडळाच्या घटनेत दोन मनाई निरपवाद असाव्यात. पहिली, भारतीय गोड्या पाण्यातील कासवे पाळू नयेत व विकत घेऊ नयेत, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे आणि तरीही ती काही दुकानांत मिळतात. दुसरी मनाई अधिक महत्त्वाची आहे : पेटीतला कोणताही मासा विहिरीत, ओढ्यात, तलावात किंवा मांजरा नदीत सोडू नये. काचेवरील शेवाळ खातो म्हणून घेतलेला दक्षिण अमेरिकेतील सकर मासा पेटीत मावेनासा झाला की लोक दयाबुद्धीने त्याला नदीत सोडतात, आणि अंगावर चिलखतासारखे कवच असलेला हा मासा देशातील अनेक जलाशयांत भोई बांधवांची जाळी फाडू लागला आहे. आरोग्य विभागाची गप्पीही परदेशीच आहे. तिचे स्थान बंदिस्त हौदात आहे, वाहत्या पाण्यात नाही, हा भेद मंडळाने स्वतः पाळावा आणि आरोग्य सेवकांशीही बोलून ठेवावा.

या दुसऱ्या मनाईमागे मंडळाची एक जबाबदारी उभी राहते. लातूर जिल्ह्यातील मुले दहावीनंतर शिक्षणासाठी लातूरला, पुढे पुण्याला जातात, आणि त्यांची पेटी मागे आईच्या गळ्यात पडते. घर बदलते, बदली होते, बोअर आटतो. अशा वेळी मासे कोठे जातील याची सोय आधीच ठरलेली नसेल तर ते शेवटी विहिरीतच जातात. म्हणून सभासदत्वाच्या अर्जावरच दोन अशा सभासदांची नावे असावीत, जे गरज पडल्यास पेटी व मासे ताब्यात घेतील. जादा पिलांची देवाणघेवाण दर महिन्याच्या बैठकीत विनामूल्य व्हावी. आणि कोणीही न स्वीकारलेल्या माशांसाठी मंडळाचा एक सामाईक हौद, शक्य तर शाळेच्या किंवा वाचनालयाच्या आवारात, पावसाच्या पाण्यावर चालवला जावा.